अक्का, रविवारी पाणी उशिरा येतं

अक्का,

तुझ्यासाठी एक निरोप आहे. पण तो शेवटी सांगेन. आधी सांगितला तर तू "बरं, कळलं" म्हणून उठशील, पदर खोचून कामाला लागशील आणि माझं बाकीचं सगळं तोंडातच राहील. जन्मभर माझ्या बाबतीत तू हेच केलंस. मी सविस्तर सांगायला बसायचो आणि तुला फक्त शेवटचं वाक्य हवं असायचं. आता तुला कुठे जायची घाई नाही, तेव्हा ऐक.

तर पहिली गोष्ट म्हणजे तुझ्या दहाव्याची वेळ चुकली. वेळ ठरवली होती मी. ज्या माणसानं कर्जतच्या एसटी स्टँडवर सगळी नोकरी माईकवरून गाड्यांच्या वेळा सांगण्यात घालवली, त्याला सख्ख्या बहिणीच्या दहाव्याची वेळ साधता आली नाही. तू असतीस तर हसली नसतीस. नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस आणि तेवढं मला पुरलं असतं.

झालं असं की दहावा दिवस रविवारी आला. तुझा संतोष म्हणाला, बरं झालं मामा, कोणाला रजा टाकायला नको. अंगणात बसलेल्या सगळ्यांनाच बरं वाटलं. सकाळी लवकर घाटावर जायचं, ऊन चढायच्या आत आटपायचं, असं मी ठरवून टाकलं. गुरुजींना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, पाहुण्यांना कळवलं. आणि इतक्या माणसांतून एकालाही आठवलं नाही, की रविवारी पेज नदीला पाणी उशिरा येतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारेल, नदी काय ड्यूटीवर असते का? आपली असते. पावसाळा सरला की पेजेला स्वतःचं असं पाणी राहत नाही. डोंगराखालच्या पॉवर हाऊसात वीज करून झाली की तिथलं पाणी नदीत सोडतात, तेवढंच तिचं वाहणं. पाणी सुटलं की भर चैत्रातही नदी दोन्ही काठ धरून चालते आणि बंद झालं की पुन्हा गोटे उघडे पडतात. रविवारी कारखाने बंद, कचेऱ्या बंद, मग वीज कमी लागते आणि पाणी सावकाश सुटतं. गावातल्या बायकांना हे तोंडपाठ होतं. पण आता घरोघर नळ आले, तुझ्या सुनेनं मशीन घेतलं, माझ्या घरी तर कधीचंच आहे. नदीवर धुणं घेऊन जाणारी शेवटची तूच. दर रविवारी आळीतून जाताना ज्याच्या-त्याच्या दारात तू ओरडायचीस, "आज उशिरा हाय गं, आत्ताच निघू नका." ज्या बाया नदीवर जातच नव्हत्या, त्यांनाही सांगायचीस. आम्हाला आठवण करून देणारं माणूस तू होतीस, आणि तूच नव्हतीस. म्हणून चुकलं.

लहानपणी या पाण्याची वाट बघणं हाच आपला खेळ होता. आठवतो ना तो पात्रातला पांढरा धोंडा? कोरड्या नदीत उतरून आपण तिघं त्याच्यावर चढून बसायचो. तू मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुमी. सुमीचं मनगट तुझ्या मुठीत. पाणी येण्याआधी सगळ्यात शेवटी धोंड्यावरून जो उतरेल तो जिंकला. मी दर वेळी पहिला पळायचो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तू डोळे मिटून नाक वर करायचीस. म्हणायचीस, पाण्याचा आवाज मागनं येतो, आधी वास येतो. तापलेल्या दगडांवरून पाणी फिरलं की एक वास उठतो, तो वाऱ्यावर पुढे येतो. "आलं," असं तू हळूच म्हणालीस की आपण उड्या टाकायचो, आणि काठावर चढेपर्यंत खरंच गोट्यांमधून फेस आणि वाळकी पानं वाहत यायला लागायची. सुमी रडायची, तिला अजून बसायचं असायचं. तू तिला ओढत आणायचीस. पाणी कुनासाठी थांबत नाय, हे तुझं वाक्य मी पहिल्यांदा तिथे ऐकलं.

आणि मग आईच्या दहाव्याला ऐकलं.

हा विषय काढला की तू उठून जायचीस. आज मी काढणार आहे. आई गेली त्याला आता एक तप होऊन गेलं. घाटावर सगळं मांडून तयार होतं, पाणीही भरून आलेलं होतं, आणि सुमी पोचली नव्हती. ती खालापूरकडच्या तिच्या गावाहून टेंपोनं निघाली होती आणि टेंपो वाटेत बंद पडून बसला होता. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, आपल्याला काही कळेना. आपल्याकडे रीत अशी, की पिंडावर घरच्यांनी एकेक करून ओंजळीनं पाणी घालायचं, आणि त्यात लेकींचा मान मोठा. लेकीच्या हातचं पाणी आईला पोचतं म्हणतात. तू घातलंस, मी घातलं. सुमीचं राहिलं. ती आली तेव्हा माणसं घरी गेली होती आणि नदी उतरली होती. ओल्या गोट्यांवर ती एकटीच बसून होती, मीच तिला हाताला धरून घरी आणलं. ती जेवली नाही. आईचं लुगडं तिच्यासाठी काढून ठेवलं होतं, ते घेतलं नाही. दारातून तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी थांबली नाय तू."

तू उत्तर दिलं नाहीस. दिलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. कारण तू थांबली होतीस. मला ते पुढे कधीतरी कळलं. अंगणात वाल वाळत घालताना तू आपणहून बोलून गेलीस, की गुरुजींना दुसऱ्यांदा चहा पाजून तू बसवून घेतलं होतंस, डोळे रस्त्याकडे लावले होतेस. पण गोट्यांवर ओली रेघ दिसायला लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं. "आईला कोरड्या दगडावर कशी ठेवू रं?" असं तू मला विचारलंस. मी म्हणालो, हे सुमीला सांग. तू म्हणालीस, "तिनं विचारावं, मी सांगन." मी जाऊन सुमीला सांगितलं. ती म्हणाली, "तू नको सांगू दादा. तिच्या तोंडून ऐकीन." झालं. दोघी एका नदीच्या पाण्यावर वाढलेल्या, कोण आधी उतरणार?

त्यानंतर मी तुमचा निरोप्या झालो. लग्नात, बारशाला, गणपतीत दोघी एकाच खोलीत, आणि बोलणं मात्र माझ्यातर्फे. "दिनू, तिला सांग, चहा गार होतोय." "दादा, तिला सांग, मी साखर सोडलीय." "दिनू, तिला विचार, कधीपासून?" "दादा, तिला सांग, डॉक्टरनं सांगितलं तेवापासून." चार हातांवर बसलेल्या बायका, आणि मी मधे मान वळवून वळवून थकायचो. एकदा चिडून मी म्हणालो, स्टँडवर दिवसभर घोषणा करतो, घरी तरी सुट्टी द्या. त्यावर तुम्ही दोघीही हसलात. एकमेकींकडे न बघता हसलात. मला त्या वेळी वाटलं होतं की आता मिटेल. नाही मिटलं. पण खरं सांगू? त्या "तिला सांग"मध्ये माया होती. जिच्याशी देणंघेणं संपलं तिची साखर कोण विचारतं? तू माझ्याबरोबर तिला वाल पाठवायचीस आणि वर सांगायचीस, माझं नाव नको घेऊ. ती ते वाल ओळखायची. आपल्या मातीतल्या कडव्या वालाला न ओळखायला काय झालं? ती त्याचं बिरडं करायची आणि माझ्याबरोबर डबा परत यायचा. तू खायचीस आणि म्हणायचीस, हिला अजून भिजवायचं कळत नाय. डबा मात्र पुसून रिकामा व्हायचा.

तू गेलीस त्या दुपारी मी तिला फोन केला. तिनं विचारलं, "तिला त्रास झाला का?" नाही म्हणालो. झोपेतच गेली म्हणालो. संतोष शेजारी उभा होता, तो म्हणत होता मावशीला विचार, येणार असेल तर थांबतो. मी विचारलं. अक्का, तिनं काय म्हटलं ते तुला सांगायला नको होतं, पण आज सगळंच सांगतोय. "थांबू नका. थांबायची पद्धत नाय तुमच्यात." आणि फोन ठेवला.

आम्ही थांबलो नाही. संध्याकाळच्या आत तुला पोचवून आलो.

पुढचे दिवस माणसं येत-जात राहिली आणि मी व्यवस्था बघत राहिलो. मांडव घालायचा की नको, तेराव्याला जेवणात काय, भांडी कोणाकडून आणायची. हातात काम असलं की बरं असतं. पण प्रत्येक कामाच्या तळाशी एकच विचार होता, दहाव्याला सुमी येईल का. दहाव्याचं आमंत्रण नसतं, नुसतं कळवायचं असतं. ज्याला यायचं तो येतो. मी कळवलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मी रोज वेगळा लावत होतो. मला वाटत होतं, ही शेवटची संधी आहे. त्या दिवशी पाणी पडलं की तू मोकळी, पण सुमी अडकून राहील. आईच्या वेळचं एक ओझं तिच्याकडे होतंच, आता तुझं दुसरं. आणि मी मधे उभा, एकीकडचा निरोप घेऊन, दुसरीकडे घ्यायला कोणी नाही.

तेवढ्यात संतोषनं नाक्यावर लावायला तुझा फ्लेक्स करायचं काढलं. भावपूर्ण श्रद्धांजली, वर तुझा फोटो. मी म्हटलं, अक्काला आवडणार नाही. तो म्हणाला, मामा, आता सगळ्यांचेच लावतात, आईचा नाही लावला तर लोक काय म्हणतील? फोटो शोधायला बसलो तर सगळ्या फोटोंत तू फोटोवाल्याला रागावल्यासारखी. हसरा असा एकच निघाला, संतोषच्या लग्नातला, आई होती तेव्हाचा. त्यात सुमी तुझ्या खांद्यावर हात टाकून कानात काहीतरी सांगतेय आणि तू तोंड भरून हसतेयस. फ्लेक्सवाल्यानं सुमीला कापून काढलं. पण हात काही त्याला काढता आला नाही. नाक्यावर तुझा भलामोठा चेहरा लागला, आणि तुझ्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात. कोणाचा, काही कळत नाही. गावातली पोरं विचारायची, हा हात कोणाचा? मी म्हणायचो, घरचाच आहे.

तर तो रविवार. आम्ही घाटावर उतरलो आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. पात्रात नुसते गोटे. मधून-मधून शेवाळलेली डबकी. पांढरा धोंडा बुडापर्यंत उघडा. संतोषनं माझ्याकडे बघितलं, मी नदीकडे. मग आपल्या शेजारच्या पारूवहिनींनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "रविवार नाय का आज. अक्का असती तर ओरडली असती." त्यावर बायकांत जे रडू फुटलं, ते तू गेलीस त्या दिवशीसुद्धा नव्हतं फुटलं.

गंमत बघ. लोकांच्या दहाव्याला सगळे कावळ्यासाठी खोळंबतात. इथे कावळे आमच्याही आधी येऊन आंब्यावर बसले होते, आणि खोळंबा नदीनं केला. गुरुजी भले माणूस, पण त्यांना पुढे आणखी एक दहावं होतं. ते म्हणाले, बादलीभर पाणी आणा, तेही चालतं. कोणी म्हणालं, डबक्यातलं घ्या. संतोष म्हणाला, मामा, टँकर सांगू का, लगेच येईल. मला तुझं बोलणं आठवत होतं. डबक्यातलं पानी आपन गुरांना पाजत नाय, माणसाला काय पाजायचं. आणि तुला टँकरच्या पाण्यानं निरोप द्यायचा? जी बाई या नदीचा वास ओळखत होती तिला? मी कोणाशी वाद घातला नाही. आयुष्यभर स्टँडवर जे वाक्य बोललो तेच बोललो. "गाडी लेट आहे. रद्द नाही. बसून घ्या."

आणि सगळे बसले. गुरुजीही पुटपुटत एका गोट्यावर टेकले. ऊन चढत होतं. पलीकडच्या काठाला उन्हाळी भात हिरवंगार उभं होतं, त्याच पाण्यावरचं. मग पारूवहिनींनी सुरुवात केली, की अक्कानं मला एकदा इथेच धुण्याच्या दगडावरून हाकललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन स्वतःचा दगड देऊन गेली. मग तुझी सून मनीषा बोलली. ती सहसा कोणापुढे बोलत नाही. म्हणाली, मशीन आणलं त्यानंतर सासूबाई आठवडाभर त्याच्याकडे बघत नव्हत्या, पण मला ताप आला तेव्हा गुपचूप माझे कपडे त्यात टाकले आणि बटण दाबायला पोराला बोलावलं. लोक हसले. रडता रडता हसले. एकानं सांगितलं की दुसऱ्याला आठवायचं. वरच्या बंगल्यांमध्ये शनिवार-रविवार राहायला येणारी मुंबईची चार पोरं गाणी लावून नदीत उतरली, संतोषचं मुंडण केलेलं डोकं बघून त्यांनी गाणी बंद केली. एकानं अदबीनं विचारलं, "काका, पानी कब आएगा?" मी म्हटलं, आएगा. ती पोरंही लांबवर बसून राहिली. अक्का, तुझ्यासाठी मी शोकसभा ठेवावी का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. भाषणं, हार, एक-दोन पुढारी. बरं झालं नाही ठेवली. तुझी खरी सभा त्या कोरड्या नदीत झाली, आणि ती कोणी ठरवलेली नव्हती. मी इतका दुःखात असूनही मला त्या वेळी मनातून फार बरं वाटत होतं, हे तुला सांगून टाकतो.

पण माझे डोळे रस्त्याकडे होते. तू आईच्या वेळी बसली होतीस तशीच बसायची पाळी माझ्यावर आली होती.

आणि ती आली. नाक्यावर सहा सीटरमधून उतरून, शेताच्या बांधावरून, उन्हातून एकटी. हातात पिशवी. आता तिलाही गुडघेदुखी आहे, उतारावर दोनदा थांबली. काठावर येऊन तिनं खाली बघितलं. तिनं काय अपेक्षा केली असेल ते मला माहीत आहे. रविवारच्या गाड्या कमी, ती वेळेवर पोचणार नव्हतीच. तिला वाटलं असेल, ओले गोटे दिसतील आणि माणसं गेलेली असतील. त्याऐवजी गोटे कोरडे होते आणि सगळं गाव बसलं होतं. ती तशीच उभी राहिली. मी उठून हात द्यायला गेलो. मला म्हणाली, "अजून झालं नाय?" मी म्हटलं, पाणी यायचंय. तिनं पिशवी खाली ठेवली, गोट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्या शेजारी टेकलो.

थोड्या वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "नाक्यावर बघितला तिचा फोटो. मला कापली आणि माझा हात ठेवला." मी विचारलं, त्या वेळी तिच्या कानात काय सांगत होतीस, तेवढं सांग. सुमीला हसू फुटलं. "म्हटलं, विहीणबाईंनी नथ उलटी घातलीय." इतकी वर्षं मी समजत होतो, काहीतरी मोठं असेल.

मग तिनं मान वर केली. डोळे मिटलेले. "आलं," म्हणाली. मला आवाज ऐकू येत नव्हता, काही दिसत नव्हतं. आणि मग मलाही तो वास आला, तापलेल्या दगडांवर फिरलेल्या पाण्याचा. वरच्या वळणावरून गोट्यांमधून फेस आला, पानं आली, मग नुसतं पाणी. पांढऱ्या धोंड्याभोवती ते फिरलं आणि पुढे निघालं. वास तू तिलाही शिकवला होतास, हे मला माहीतच नव्हतं. मी नेहमी पहिला पळायचो ना.

पुढचं सगळं रीतीनं झालं. गुरुजींनी घाई केली नाही. संतोषनं पाणी घातलं. मग मी घातलं. सुमी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली, ओंजळ भरून आणली आणि पिंडावर धरली. आम्हा सगळ्यांना वाटलं, ही तुझी. ती म्हणाली, "ही आईची. राहिली होती." ती ओतून सुमी परत नदीत गेली, दुसरी ओंजळ घेऊन आली. गोट्यांवरून येताना थोडं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं तुला मिळालं. कावळ्यांनीही फार अंत बघितला नाही.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांच्या जेवणासाठी वाल भिजत घातले होते, ते तिनं बोटांनी दाबून बघितले आणि मनीषाला म्हणाली, "चांगले भिजवलेत गं. सासूनं शिकवलं ना?" मग दोघी सोलायला बसल्या. मी उंबऱ्यात उभा होतो. कोणी मला "तिला सांग" म्हटलं नाही. चहा कोणाला हवा, साखर किती, सगळं समोरासमोर चाललं होतं. मला एकदम रिकामं वाटलं, अक्का. निवृत्त झालो त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं. तुमच्यामधली ती मान वळवायची ड्यूटी मला किती आवडत होती, हे तिथे कळलं. तुम्ही दोघी माझ्यामुळे बोलत होतात. आणि मीही तुमच्यामुळेच कोणीतरी होतो.

आईचं लुगडं तुझ्या पेटीत तसंच होतं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. मनीषानं ते सुमीपुढे ठेवलं. तिनं उघडून बघितलं नाही, नुसतं पिशवीत ठेवलं.

दुपार कलल्यावर मी तिला नाक्यापर्यंत सोडायला गेलो. तुझ्या फ्लेक्सखाली आम्ही सीटरची वाट बघत उभे होतो. ती वर बघत होती. वाऱ्यानं फ्लेक्स फडफडत होता, तुझा चेहरा हलत होता आणि तिचा हात तुझ्या खांद्यावर घट्ट. गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. मी म्हटलं, तेराव्याला ये. येते म्हणाली. गाडीनं सुरू होताना गचका दिला आणि सुमीला काहीतरी आठवलं. खिडकीतून हात बाहेर काढून, नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "दादा, तिला सांग..." आणि थांबली. मलाही कळलं, तिलाही कळलं. पण गाडी निघाली होती, आणि वाक्य अर्धं ठेवणारी ती नाही.

"तिला सांग, आज थांबलीस ते बरं केलंस."

हाच तो निरोप, अक्का. सांगितला.